गाडी शिकतानाचे अनुभव: "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस" असं तुम्हालाही सांगितलं होतं का?

कृष्णाकाठ
भाचीचं लर्निंग लायसन्स आलं. काल संध्याकाळी तिला मैदानावर नेलं. गाडीवर बसल्याबसल्या म्हणाली, "मामा, पुढचा ब्रेक दाबायचा नसतो ना? बाबा म्हणाले पालथी पडशील."

ते ऐकलं आणि १९९८ चा जून डोळ्यांसमोर आला. आमची हिरो होंडा सीडी १०० मोटारसायकल, पहिला पाऊस, मिरजेच्या अलीकडे रस्त्यात आलेली म्हैस. मलाही हेच शिकवलं होतं, म्हणून मागच्या ब्रेकवर सगळा जोर दिला. मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि मी घसरत म्हशीच्या पायापर्यंत गेलो. डावा गुडघा अजून थंडीत बोलतो. वडील रागावले नाहीत, रात्रभर उशाशी बसून होते.

गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी नंतर समजावलं. ब्रेक लावला की सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि म्हणून तेच आधी घसरतं. गाडी खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक. पालथं पडतो तो एकदम आवळल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना किंवा वाळूत दाबल्यामुळे.

काल भाचीला तासभर दुसरं काही शिकवलं नाही. दुसरा गिअर, वीसचा वेग, हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र. पुढचा लिंबू पिळल्यासारखा, दाब वाढवत न्यायचा. तुम्ही कसे शिकलात, काय चुकीचं शिकवलं गेलं, लिहा. तिला वाचायला देणार आहे.

द्राक्षबाग
मला दिराच्या मुलाने शिकवली. ४३ व्या वर्षी, स्प्लेंडर. मळ्यात जायला दरवेळी कुणाची तरी वाट बघायची, कंटाळले होते. पहिले दोन दिवस त्याने इंजिन सुरूच करू दिलं नाही. नुसती ढकलत अंगणात फिरवायची, स्टँडवर लावायची, काढायची. तिचं वजन अंगाला कळलं. मग नुसता क्लच, ॲक्सिलेटर नाही. हळूहळू सोडला की एका जागी गाडी हलते, ती जागा बोटांना सापडली की झालं. साडीवर शिकू नका. ओढणी असेल तर मागे घट्ट गाठ. कुकर झाला, येते नंतर

वऱ्हाडी
साइड स्टँड वर घ्यायचं राहिलं!!! डाव्या वळणावर टेकलं ना भाऊ, सरळ नालीत. नव्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असलं तर गिअरमध्ये बंद पडतात, आमच्या वेळी कुठलं

पाच_फुटी
@द्राक्षबाग ताई तुमची उंची किती? माझे दोन्ही पाय टेकत नाहीत म्हणून सगळे स्कूटीच घे म्हणतात

द्राक्षबाग
४ फूट ११ गं. दोन्ही कशाला टेकायला हवेत? डावा पूर्ण टेकव, उजवा ब्रेकवर. थांबायच्या आधी रस्ता कुठे खोल आहे ते बघ, उताराच्या बाजूला पाय टाकायला जाऊ नकोस. शोरूममध्ये सगळ्यांवर बसून बघ, सीट अरुंद असली की पाय जास्त पोचतो

पाच_फुटी
❤️ रविवारी जाते

काकांचीबुलेट
आमच्याकडे जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्यावर शिकलो. मित्राच्या पल्सरवर बसलो, सिग्नलला ब्रेक म्हणून डावा पाय दाबला, गिअर खाली पडला, मागचं चाक किंचाळलं. दुसऱ्याची गाडी घेतली की आधी गल्लीतल्या गल्लीत दोन चकरा, हे तेव्हापासून

दोन_स्ट्रोक
कुणाकडे यामाहा आरएक्स १०० होती का? आवाजावरून कळायचं कोण आलं

वऱ्हाडी
मामाकडे होती. विकली तेव्हा मामी रडली

दोन_स्ट्रोक
मामींना नमस्कार सांगा 🙏

स्टुटगार्टकर
भारतात बारा वर्षं चालवून इथे जर्मनीत मोटारसायकलच्या ए वर्गाच्या परवान्याला बसलो. बारा खास तास सक्तीचे: गावाबाहेर ५, ऑटोबानवर (इथला महामार्ग) ४, अंधारात ३. शिक्षक मागून कारमध्ये, कानात त्यांचा आवाज. परीक्षेत ५० च्या वेगाने येऊन कचकन थांबायचं असतं. पहिल्याच दिवशी शिक्षकांनी विचारलं, पुढचा ब्रेक का वापरत नाहीस? काय उत्तर देणार. दुसरं त्यांचं वाक्य रोज आठवतं: खड्ड्याकडे बघू नकोस, बघशील तिकडेच जाशील. वळणाच्या शेवटाकडे बघ.

ऊसपट्टा
हे लिहू की नको करत होतो. गळीत हंगाम, रात्रीची वेळ, रस्त्याकडेला बंद पडलेली उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मित्र माझ्या पुढे होता. हेल्मेट होतं, टाकीवर ठेवलेलं. तो २२ चा होता. कृष्णाकाठ, भाचीला सांगा, दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. आणि हेल्मेटचा पट्टा लावायचा, नुसतं डोक्यावर ठेवायचं नाही.

द्राक्षबाग
काय बोलू दादा. त्याच्या आईची आठवण येतेय, मी ओळखतही नाही त्यांना.

कृष्णाकाठ
ऊसपट्टा, तुम्ही लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. तिला आज वाचून दाखवलं. गप्प झाली, मग आत जाऊन पट्टा लावून बघत बसली.

आंबेनळी
घाटाबद्दल कुणीच नाही लिहिलं? आमच्याकडे चढ संपला की न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचे. मीही केलं. पोलादपूरकडे उतरताना अर्ध्यात ब्रेक तापून नरम पडला, दरीच्या कठड्याला पाय लावून थांबलो. ज्या गिअरमध्ये चढता त्यातच उतरा, इंजिनच धरून ठेवतं. आणि पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिळून रस्ता साबणासारखा होतो, दोन-तीन चांगल्या सरी जाऊ द्या

कृष्णाकाठ
घाट अजून वर्षभर नाही. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट, तोवर मैदान आणि पहाटेचा रिकामा रस्ता. आज तिने चाळीसवरून दोन्ही ब्रेकने गाडी सरळ रेषेत थांबवली. तिचे बाबा बघायला आले होते. त्यांनी पण एकदा करून बघितलं.

पाच_फुटी
बाबांनी पण!! 👏 मैदान कुठलं हो, मी सांगलीतच असते

कृष्णाकाठ
या की. संध्याकाळी सहा वाजता असतो आम्ही. हेल्मेट घेऊन या.