मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मंत्री मेला – गोळी एक की दोन? (युक्रेन, २००४)

प्लात्सकार्त:

मंडळी, परवा जेवताना घरात वाद झाला, तो इथे आणून टाकतोय. इथे कोणीतरी जाणकार निघेलच.

२००४ साली मी ओडेसाला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. नारंगी क्रांतीचा तो हिवाळा, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तो. २१ नोव्हेंबरची दुसरी फेरी, सरकारी बाजूचा उमेदवार यानुकोविच जिंकल्याची घोषणा, कीव्हच्या मैदानात तंबू (त्या चौकाला तिकडेही ‘मैदान’च म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार गंमत वाटली होती), मग ३ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने ती फेरीच रद्द केली आणि २६ डिसेंबरला पुन्हा मतदान. खरं सांगायचं तर २६ तारखेला आम्हाला निवडणुकीचं काही पडलेलंच नव्हतं. सकाळपासून टीव्हीवर सुनामी होती. आमच्या मजल्यावरची चेन्नईकडची पोरं एकामागून एक फोनकार्डं संपवत होती आणि कोणाचाच फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली किल्ली घ्यायला गेलो. दारापाशी आमची दिझुर्नाया बसायची, पोरांच्या जाण्यायेण्यावर नजर ठेवणारी बाई. साठीची असेल. नवरा रेल्वेत होता तिचा. टेबलावर हातभर उंचीची योल्का, म्हणजे नववर्षाचं सजवलेलं झाड, शेजारी छोटा टीव्ही. टीव्हीवर किर्पाचा फोटो. हेओर्ही किर्पा, वाहतूकमंत्री, कीव्हजवळच्या दाच्यात (शहराबाहेरच्या घरात) गोळी लागून मेलेला सापडला. आत्महत्या असावी, असं बातमीत चाललं होतं. बाईने आवाज बारीक केला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दोन बोटं वर केली.

मी तेव्हापासून धरून चाललोय की त्याला दोन गोळ्या लागल्या होत्या. गेली वीस वर्षं लोकांना सांगतोय, ‘दोन गोळ्या झाडून आत्महत्या, ऐका!’ परवा पुन्हा सांगायला गेलो तर बायको म्हणाली, तो माणूस वेगळा, किर्पाला एकच गोळी. तर, १) कोण बरोबर? २) दोन गोळ्यांची आत्महत्या होऊ शकते का? मी पुढे डोळ्यांचा डॉक्टर झालो, त्यामुळे यातलं मला शून्य कळतं. ३) त्याच्यामागे एवढं लागलं होतं तरी काय?

या माणसाच्या गाड्यांनी मी खूप फिरलोय, तेही सांगून टाकतो. प्लात्सकार्तचा, म्हणजे तिकडच्या उघड्या स्लीपर डब्यातला, वरचा बर्थ, धातूच्या पकडीतल्या ग्लासातला चहा, आणि गाडी वेळेवर. म्हणून असेल, पण तो निव्वळ चोर होता असं मानायला मन घेत नाही.

---

जुनी_कात्रणं:

वहिनी बरोबर आहेत. दोन गोळ्यांचा माणूस म्हणजे युरी क्रावचेंको, माजी गृहमंत्री. तो गेला ४ मार्च २००५ ला, म्हणजे विरोधी उमेदवार युश्चेंको २३ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर. गोंगाद्झे या पत्रकाराच्या २००० सालच्या खुनाबद्दल त्याच दिवशी सरकारी वकिलांपुढे त्याचा जबाब व्हायचा होता. सकाळी तो दाच्यात मेलेला सापडला, डोक्यात दोन गोळ्या. सोबत चिठ्ठी. तीत त्याने स्वतःला आधीचा राष्ट्राध्यक्ष कुचमा आणि त्याच्या गोतावळ्याच्या राजकारणाचा बळी म्हटलं होतं. निष्कर्ष आत्महत्येचाच निघाला.

या दोघांची सरमिसळ बऱ्याच जणांची होते. दोघेही कुचमाच्या काळातले मंत्री, दोघेही दाच्यात, दोघेही बंदुकीच्या गोळीने, मध्ये जेमतेम सव्वादोन महिने.

किर्पाबद्दल: तो मुळात रेल्वेचा माणूस. आधी ल्विव्ह विभागाचा प्रमुख, मग अख्ख्या युक्रेनच्या रेल्वेचा, २००२ पासून मंत्री. कीव्हचं दक्षिण स्थानक २००१ मध्ये उभं राहिलं ते त्याच्याच कारकिर्दीत. आरोप असा की नोव्हेंबरच्या फेरीत पूर्वेकडच्या, यानुकोविचच्या बाजूच्या मतदारांना गाड्या भरभरून इतर भागांत नेलं आणि त्या गाड्या त्याच्या खात्याने पुरवल्या. आपल्या मतदारसंघाबाहेर मत द्यायला तिथे ‘विद्क्रिप्नी तालोन’ नावाचा कागद मिळायचा. तो घेऊन एकच माणूस दोन-तीन ठिकाणी मत टाकतो, ही मुख्य तक्रार. डिसेंबरच्या फेरमतदानाआधी संसदेने या कागदाचे नियम कडक केले. २६ तारखेच्या रात्री युश्चेंको जिंकणार हे दिसलं (शेवटी ५१.९९ विरुद्ध ४४.२०) आणि २७ ला किर्पा मेला. आता चौकशी होणार, आणि मालगाडीपासून मतदारगाडीपर्यंत सगळा हिशेब ज्याच्या डोक्यात तोच माणूस नाही. संशय यायला आणखी काय लागतं?

---

शवागारातला:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. बावीस वर्षं पोस्टमॉर्टेम केली आहेत, आता निवृत्त.

दोन गोळ्या म्हणजे खून, हे पारावरचं गणित झालं. डोक्यात दोन गोळ्या घालून केलेल्या आत्महत्या वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेल्या आहेत. दुर्मिळ आहेत, पण आहेत. हनुवटीखाली नळी टेकवली की माणूस नकळत मान मागे टाकतो. गोळी जबड्यातून, चेहऱ्यातून निघून जाते आणि मेंदूपर्यंत पोचतच नाही. रक्त प्रचंड, वेदना प्रचंड, पण माणूस शुद्धीवर राहू शकतो आणि हातही चालतो. क्रावचेंकोच्या बाबतीत जे सांगितलं गेलं ते नेमकं हेच: पहिली हनुवटीतून शिरून वरच्या जबड्यातून बाहेर, दुसरी कानशिलात.

आम्ही गोळ्या मोजून ठरवत नाही. नळी कातडीला टेकलेली होती का? टेकलेली असेल तर काजळी आणि वायू जखमेच्या आत जातात, कडा ताऱ्यासारख्या फाटतात. वीतभर लांब असेल तर बंदुकीच्या दारूचे न जळलेले कण सभोवती कातडीत रुततात, ते पुसून निघत नाहीत. मग गोळीचा मार्ग, तो त्या माणसाच्या हाताला जमण्यासारखा आहे का. हातावर रक्ताचे बारीक तुषार उलटे उडालेत का. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टर पोचायच्या आत पिस्तुल किती जणांनी उचलून पाहिलं. मोठा माणूस मेला की खोलीत आधी साहेब लोक शिरतात, डॉक्टर शेवटी. मग आम्ही कितीही नीट लिहिलं तरी लोकांनी विश्वास कशाला ठेवावा?

शिवाय प्रेत फक्त गोळीचं सांगतं. आदल्या रात्री फोनवर कोण काय बोललं, ते त्यात नसतं.

---

कलमकसाई:

डॉक्टर, त्या फोनसाठीच तिथल्या दंडसंहितेत कलम १२० आहे, आत्महत्येस भाग पाडणं. म्हणजे पिस्तुल स्वतःच चालवलं हे सिद्ध झालं तरी कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपतंच असं नाही. पण धाक घालणारा पकडायचा तर धाकाचा पुरावा लागतो, आणि धाक घालणारी मंडळी पावती देत नाहीत.

---

रविवारचा_पाहुणा:

केनियातही असंच झालं होतं ना? २०१७ ला, निवडणूक आयोगाचा तो आयटीवाला, म्सांडो.

---

जुनी_कात्रणं:

@पाहुणा, ते मतदानाच्या आधी. मतदान ८ ऑगस्टला होतं आणि ख्रिस म्सांडोचा मृतदेह जुलैच्या अखेरीस सापडला. शिवाय तिथे खून की आत्महत्या हा वादच नव्हता, खूनच होता. प्रश्न करवला कोणी एवढाच. मिसळ नको करूया, आधीच एक झाली आहे.

---

प्लात्सकार्त:

सगळ्यांचे आभार. बायकोला स्क्रीन दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

पण एक अडतंय. मार्चची बातमी डिसेंबरात चिकटवली असेन, हे कबूल. मात्र ती दोन बोटं डिसेंबरातलीच. टेबलावर योल्का होती, आणि किर्पानंतर लगेच पुन्हा सुनामीची दृश्यं लागली, हे मला लख्ख आठवतं. मार्चमध्ये योल्का कुठली? मग बाई दोन कशाला म्हणाली? बातमीत तर एकच गोळी.

---

जुनी_कात्रणं:

प्लात्सकार्तराव, एक शक्यता आहे. ३ डिसेंबरला, म्हणजे कोर्टाचा निकाल आला त्याच दिवशी, युरी ल्याख नावाचा बँकवाला कीव्हमधल्या आपल्या कार्यालयात मेलेला सापडला होता. तो कुचमाच्या कार्यालयप्रमुखाच्या, मेदवेदचुकच्या, जवळचा. मानेवर जखमा. तीही आत्महत्याच ठरली. महिना संपायच्या आत किर्पा.

तुमची बाई गोळ्या मोजत नसावी. माणसं मोजत असेल.

---

प्लात्सकार्त:

हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

मार्चमध्ये, क्रावचेंकोची बातमी आली त्या आठवड्यात, मी तिच्यासमोरून रोज ये-जा केली असणार. तेव्हा तिने तीन बोटं वर केली होती का, हे आठवायचा प्रयत्न करतोय. आठवत नाही. किल्ल्यांचा फळा आठवतो, माझी किल्ली ४१७ ची, तिला हिरव्या लोकरीचा गोंडा होता. तोही तिनेच बांधला होता, अंधारात सापडावी म्हणून.