देखणी सिरोको घ्यावी की सोयीची गोल्फ जीटीआय?

डर्बीचा_सातारकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी गेली सात वर्षे इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो. आमची जुनी छोटी गाडी आता थकली आहे आणि बारा हजार पौंडांच्या आत एक वापरलेली, पण चालवताना जीव रमेल अशी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. दोन महिने शोधाशोध केल्यावर मनात दोनच गाड्या उरल्या आहेत : फोक्सवॅगनची २०१५ सालची सिरोको आणि त्याच कंपनीची २०१४ सालची, सातव्या पिढीची, पाच दारांची गोल्फ जीटीआय (म्हणजे गोल्फचीच वेगवान आवृत्ती). दोन्हींत दोन लिटरचे २२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आहे, दोन्हींचे गिअर हाताने टाकायचे आहेत आणि जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला दोघींनाही साधारण साडेसहा सेकंदच लागतात. म्हणजे ताकदीच्या बाबतीत निवड करण्यासारखे काही उरतच नाही.

सिरोको प्रत्यक्ष पाहिली तेव्हा मी विक्रेत्याशी बोलायचे सोडून तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागे उतरत गेलेले बसके छत, अरुंद काचा आणि मागच्या चाकांवर आलेला तो भरदार खांदा पाहून मन लगेच तिच्याकडे ओढले गेले. गोल्फ शेजारून गेली तर कदाचित मान वळणार नाही; मात्र पुढच्या जाळीवरची लाल रेघ आणि आतल्या चौकटीच्या कापडाच्या सीट मला मनापासून आवडल्या.

घरी आम्ही दोघे आणि दोन वर्षांचा मुलगा आहोत. आई दर उन्हाळ्यात साताऱ्याहून तीन-चार महिन्यांसाठी येते, सध्याही ती इथेच आहे, आणि तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. रोज कामावर मी एकटाच जातो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटे बक्स्टनहून मॅक्ल्सफील्डकडे जाणाऱ्या ‘कॅट अँड फिडल’च्या रस्त्यावर गाडी चालवायला जातो, कारण तिथली वळणे मला आंबेनळी घाटाची आठवण करून देतात. ज्यांनी या दोन्ही प्रकारच्या गाड्या वापरल्या आहेत, त्यांनी कृपया स्वानुभवातून सांगावे.

मँचेस्टरची_अनघड

मी सहा वर्षे सिरोको चालवते आहे, त्यामुळे माझे मत तिच्या बाजूने झुकलेले असणार हे गृहीत धरून वाचावे.

पहिली गोष्ट अशी की, सिरोको म्हणजे गोल्फला नुसता वेगळा अंगरखा चढवलेला आहे, हा समज बरोबर नाही. तिचा सांगाडा पाचव्या पिढीच्या गोल्फचा आहे हे खरे. पण तिची चाके एकमेकांपासून अधिक दूर बसवलेली आहेत, छतही खाली आहे आणि चालक अधिक खाली बसतो. वळणावर गाडी कमी झुकते आणि आपण रस्त्याच्या अधिक जवळ आहोत ही जाणीव पाठीतून सतत येत राहते. कॅट अँड फिडलवर तुम्हाला ती नक्की जाणवेल.

दुसरे म्हणजे, या दोन गाड्यांचे नाते पहिल्यापासूनच सख्ख्या बहिणींचे आहे. १९७४ मध्ये इटालियन डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी दोन्हींना रूप दिले आणि त्या वर्षी सिरोकोच काही महिने आधी लोकांसमोर आली. जीटीआय त्याच्या पुढच्या वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली. त्या पहिल्या जीटीआयचे इंजिन १.६ लिटरचे आणि ११० अश्वशक्तीचे होते, आणि कंपनीने सुरुवातीला तिच्या जेमतेम ५,००० गाड्या काढायचे ठरवले होते. आज जीटीआयचे नाव सर्वतोमुखी आहे आणि सिरोकोचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले. म्हणून चांगल्या स्थितीतली सिरोको आज सोडली, तर पुढे तशीच हाती लागेल याची खात्री देता येत नाही.

मागे दोनच सीट आहेत, पण त्या नावापुरत्या नाहीत. माझा पावणेसहा फुटांचा भाऊ मँचेस्टर ते लंडन मागे बसून आला आणि त्याने कुरकुर केली नाही. अडचण बसण्याची नसून आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची आहे. मागच्या अरुंद काचेतून फारसे दिसत नाही आणि डिकीचा उंबरठा उंच आहे, याची मात्र सवय करून घ्यावी लागते. मला मूल नाही आणि माझे आई-वडील इथे येत नाहीत, तेव्हा त्या प्रश्नावर मी अधिकाराने बोलू शकत नाही.

बर्मिंगहॅम_गॅरेज

मी बारा वर्षे स्वतंत्र गॅरेजमध्ये याच घराण्यातल्या गाड्यांवर काम करतो. माझे मत थोडे वेगळे आहे : दहा वर्षे जुन्या गाडीच्या बाबतीत ‘कोणते मॉडेल’ या प्रश्नाआधी ‘नेमकी कोणती गाडी’ हा प्रश्न विचारावा.

सरकारच्या संकेतस्थळावर नंबर घातला की त्या गाडीचा एमओटीचा, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. गाडी पास झाली की नाही एवढेच पाहून थांबू नका. प्रत्येक वर्षी नोंदवलेले मैल आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना ओळीने वाचा. ‘टायरची आतली कड झिजली आहे’ अशी सूचना लागोपाठ दोन वर्षे दिसली, तर चाकांची जुळणी बिघडली आहे आणि मालकाने तिकडे लक्ष दिलेले नाही, असे समजावे.

तुम्ही निवडलेल्या वर्षांच्या दोन्ही गाड्यांत या इंजिनाची तिसरी पिढी आहे, ही चांगली गोष्ट आहे. आधीच्या पिढीतल्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनातल्या भागांची लय जुळवून ठेवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरची तक्रार सर्वज्ञात होती, म्हणून २०१२ च्या आधीची सिरोको स्वस्तात मिळाली तरी हे काम झाल्याची पावती पाहिल्याशिवाय घेऊ नये. तिसऱ्या पिढीत लक्ष ठेवायचे ते पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट एकत्र असलेल्या भागावर. तो प्लास्टिकचा असतो आणि कालांतराने तिथून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) पाझरू लागते. गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला इंजिन सुरू न करण्याची विनंती करा, थंड असताना बॉनेट उघडा आणि कूलंटची पातळी खुणेच्या आत आहे का ते बघा. नंतर टॉर्च घेऊन इंजिनाच्या कडेला, खाली वाकून, वाळलेले गुलाबी पापुद्रे शोधा. ते दिसले तर कूलंट पाझरून सुकलेले आहे. काम होण्यासारखे असते, पण तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घ्यावी.

त्यानंतर थंड इंजिन सुरू करून पहिले पाच सेकंद नुसते ऐका. क्षणभर खडखड झाली, तर पुढे न जाता निरोप घ्यावा.

गोल्फमध्येच आणखी एक पर्याय आहे. ‘परफॉर्मन्स पॅक’ असलेल्या जीटीआयला २३० अश्वशक्ती, पुढे मोठे ब्रेक आणि पुढच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटून देणारे लॉकिंग डिफरेन्शियल मिळते. घाटात वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की साधी जीटीआय आतले चाक ब्रेकने आवरते. या गाडीत तीच ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते आणि गाडीचे नाक वळणाच्या आत ओढले जाते. शिवाय सातव्या पिढीची गोल्फ नव्या सांगाड्यावर उभी असून आधीच्या पिढीपेक्षा १०० किलोपर्यंत हलकी झाली आहे. सिरोको शेवटपर्यंत जुन्याच सांगाड्यावर राहिली. चालवण्याचा आनंद कूपेत (सिरोकोसारख्या दोन दारांच्या बसक्या गाडीत) आणि सोय गोल्फसारख्या हॅचबॅकमध्ये, अशी वाटणी या जोडीच्या बाबतीत लागू पडत नाही, हे माझे ठाम मत आहे.

विम्याची किंमत मात्र स्वतःचा पोस्टकोड घालून दोन्हींसाठी आधी काढून बघा. त्यात दुसऱ्याचा अनुभव कामाला येत नाही.

लेस्टरची_दोन_मुलांची_आई

आमच्याकडे याच कंपनीची नसली तरी अशीच दोन दारांची गाडी होती, आणि थोरली जन्मल्यावर आम्ही ती आणखी दीड वर्ष ठेवली. त्या दीड वर्षाचे चित्र तुमच्यासमोर ठेवते.

इथल्या सुपरमार्केटमध्ये गाडी लावायची चौकट सहसा २.४ मीटर रुंद असते. तुमच्या दोन्ही गाड्या सुमारे १.८ मीटर रुंद आहेत, म्हणजे अगदी मधोमध लावली तरी प्रत्येक बाजूला रेषेपर्यंत जेमतेम ३० सेंटिमीटर उरतात. शेजारच्या गाडीने तिची थोडी जागा सोडली, तर दार उघडायला आणखी वीस-तीस सेंटिमीटर मिळतात. इथे कूपेचे लांब दार आडवे येते : दार जितके लांब, तितक्याच फटीत ते कमी कोनात उघडते. आता पाऊस आहे, कडेवर बारा किलोचे झोपलेले मूल आहे, पुढची सीट पुढे ढकलून तुम्ही कमरेत वाकून आत शिरला आहात आणि सीटच्या पट्ट्याचे बक्कल मुलाच्या मांडीखाली गेले आहे. हे मी आठवड्यातून चार वेळा केले आणि अखेर कमरेच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपी घ्यावी लागली.

इथल्या कायद्याप्रमाणे मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला योग्य ती बालसीट लागते, तेव्हा हा काही एका हिवाळ्याचा प्रश्न नव्हे. जीटीआयची डिकी ३८० लिटरची आहे आणि सिरोकोची त्याहून बरीच लहान. आईंना हीथ्रोवर घ्यायला जाल तेव्हा त्यांच्या दोन मोठ्या बॅगा आणि मुलाची ढकलगाडी हे सगळे एकदम मावायला हवे.

माझी एकच विनंती आहे. विक्रेत्याकडे एकटे जाऊ नका. बालसीट, ढकलगाडी आणि आई यांना घेऊन जा.

डर्बीचा_सातारकर

सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या सूचनेप्रमाणे काल शनिवारी आम्ही सगळेच गेलो आणि सोबत बालसीटही नेली.

आधी सिरोको पाहिली. बालसीट मागे व्यवस्थित बसली, मुलालाही मी बसवू शकलो, कारण विक्रेत्याच्या अंगणात दार पूर्ण उघडायला जागा होती. मग आईने नातवाशेजारी बसायचे ठरवले. पुढची सीट वाकवून झाल्यावर तिने डावा पाय आत ठेवला, एक हात छताच्या कडेला धरला आणि ऑपरेशन झालेला गुडघा आत घेता येईना म्हणून ती तशीच अवघडून थांबली. तिला बाहेर घेतले आणि पुढे बसवले. पुढे ती आरामात बसली, पण उतरताना म्हणाली, “बसायला बसले रे बाबा, पण उठायला तू हात दे.” पत्नी काहीच बोलली नाही आणि मीही तिच्याकडे पाहिले नाही.

दुपारी गोल्फ पाहिली. आई मागचे दार उघडून स्वतः बसली, पट्टा लावला आणि नातवाला खिडकीतली झाडे दाखवू लागली. मी गाडी चालवून आलो. स्टेअरिंग हलके वाटले, पण पहिल्याच चौकात गाडी ज्या तत्परतेने वळली, तिने माझी उरलेली शंका मिटवली.

मात्र गॅरेजवाल्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च घेऊन पाहिले, तेव्हा इंजिनाच्या कडेला गुलाबी पापुद्रे दिसले आणि कूलंट किमान खुणेच्याही खाली होते. विक्रेता किंमत कमी करायला तयार नाही, म्हणून ती गाडी सोडली आहे. नॉटिंगहॅमजवळ पाच दारांची, परफॉर्मन्स पॅक असलेली २०१५ ची एक जीटीआय आहे. तिच्या एमओटीच्या नोंदी स्वच्छ आहेत, फक्त मागच्या वर्षी पुढचे ब्रेकपॅड झिजत आल्याची सूचना आहे. विक्रेत्याने बुधवारी संध्याकाळी बोलावले आहे आणि आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करणार नाही, असे त्याने कबूल केले आहे. बर्मिंगहॅमच्या मित्रांना विचारायचे होते की, त्या लॉकिंग डिफरेन्शियलचे तेल बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या वहीत वेगळी पाहावी लागते का?

बर्मिंगहॅम_गॅरेज

होय, वेगळी पाहावी. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ते तेल धरलेले नसते आणि दर तीन वर्षांनी ते बदलणे चांगले. पावती नसेल तर ते काम झालेलेच नाही असे धरून चाला आणि किंमत ठरवताना विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगा. ब्रेकपॅडचेही विचारा, परफॉर्मन्स पॅकचे पुढचे ब्रेक मोठे असल्यामुळे त्यांचा खर्च साध्या जीटीआयपेक्षा जास्त येतो.