मानधन नाही तर निधीही नको: बरोबर की आडमुठेपणा?

मारेगावकर

आमच्या युवा मंडळाच्या खोलीत काय काय आहे ते आधी सांगतो. दोन कॅरम. पिशवीतून अजून बाहेर न निघालेलं व्हॉलीबॉलचं नेट. सात खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर देणगीदाराचं नाव. शाई संपून दोन वर्षं झालेला प्रिंटर. आणि पाच शिबिरांचे पाच फ्लेक्स. नाही तो फक्त सांजच्याला कुलूप उघडून बसणारा माणूस.

होता. चार वर्षं होता. बीए झालेला, गावचाच. कापूस वेचणीत शाळा सुटलेल्या पोट्ट्यांचे सतरा नंबरचे, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचे, फॉर्म भरून द्यायचा. तंबाखूचा खर्रा तोंडात धरून आलेल्याला सगळ्यांसमोर न रागावता बाजूला घ्यायचा. घरात भांडून आलेलं पोरगं रात्री दहापर्यंत त्याच्यापाशी बसून राहायचं. आम्ही त्याला वर्गणीतून दोन-अडीच हजार द्यायचो, तेही दर महिन्याला जमत नव्हते. त्याच्या सोयरिकीच्या बैठकीत 'पोरगा काय करते?' विचारलं आणि 'समाजकार्य' असं उत्तर आलं, की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे. शेवटी बुटीबोरीला कंपनीत लागला. त्याला दोष नाही.

मग एका कंपनीच्या सीएसआरवाल्या (सामाजिक कामाचा निधी सांभाळणाऱ्या) साहेबांकडे गेलो. 3 लाखांचं साहित्य द्यायला तयार. म्हटलं, साहित्य राहू द्या, एका माणसाला महिन्याला 9 हजार द्या. 'पगार आमच्यात बसत नाही.' ग्रामपंचायतीत विचारलं तर 15व्या वित्त आयोगाचा नियम निघाला: 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले, उरलेले 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नव्हता. (ग्रामसेवकावर चिडलो होतो, पण नियम खरंच तसा होता.) नेहरू युवा केंद्राचे स्वयंसेवक असायचे, तालुक्याला दोन, मानधन 5,000, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. अख्ख्या तालुक्याला दोन पोरं! 31 ऑक्टोबर 2023 ला केंद्र सरकारचं तरुणांसाठीचं 'माय भारत' आलं. नोंदणी मोबाइलवर, प्रमाणपत्र मोबाइलवर.

म्हणून माझं सरळ म्हणणं: ज्या निधीत कार्यकर्त्याचं मानधन नाही तो तालुक्यातल्या एकाही मंडळाने घेऊ नये. सगळ्यांनी एकदम नाही म्हणायचं. बोला.

वर्धाकाठचा

तुम्ही नाही म्हटलं तर ते शेजारच्या गावाला देतील, फोटो काढतील अन् जातील. रडत थोडीच बसणार हायेत? असलेला कॅरम तरी राहू द्या.

तिवस्याचे सर

मारेगावकर, तळमळ समजली, मार्ग पटला नाही. मोझरी आमच्याच तालुक्यात. तुकडोजी महाराजांची गुरुदेव सेवा मंडळं गावोगावी चालली ती मानधनावर नाही. पहाटे उठून रस्ता झाडणारा, सांजच्या सामुदायिक प्रार्थनेला सतरंजी टाकणारा, कोणी पावती मागितली नाही. मी स्वतः बावीस वर्षं गावात पोरांचं मंडळ चालवलं, एक रुपया घेतला नाही. ज्या दिवशी कार्यकर्ता पैसे घेतो त्या दिवशी पोरंच विचारतात, 'तुम्हाले किती भेटते?' मग त्याने सांगितलेलं कानात जात नाही. शिवाय तीन वर्षांनी निधी थांबला की तो माणूसही थांबतो. सवय मात्र गावाला लागलेली असते.

कोरपन्याची

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारते. ती बावीस वर्षं तुम्ही शिक्षक होतात ना? म्हणजे एक तारखेला पगार येत होता. संध्याकाळ तुमची मोकळी होती कारण सकाळ भरलेली होती. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू आहे आणि बोंडअळीने अर्धा कापूस खाल्ला, त्याने सेवा कोणत्या वेळी करायची?

आता मुलींचं सांगते, कारण इथपर्यंत मुली आल्याच नाहीत. मी किशोरी गट चालवते. आमच्याकडे आईबाप मुलीला दिवेलागणीनंतर बाहेर पाठवत नाहीत. 'ताई आहे तिथं' म्हटलं तर पाठवतात. ती ताई म्हणजे मी. सहा ते आठ ही घरोघरी स्वयंपाकाची वेळ. पहिलं वर्ष फुकट केलं तेव्हा रोज घरी बोलणी खाल्ली. मग एका संस्थेच्या प्रकल्पात 7 हजार मिळायला लागले आणि दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी न सांगता भाकरी टाकायला घेतल्या. आदर वगैरे नंतर. आधी घरात वेळ विकत घ्यावा लागतो हो.

प्रकल्प संपला तेव्हा गट तुटला नाही, पण आठवड्यातून एकदावर आला. त्या वर्षी गटातल्या एका मुलीचं सतराव्या वर्षी लग्न लागलं. आम्हाला हळद झाल्यावर कळलं. रोज भेटत असतो तर आधी कळलं असतं.

तरीही मारेगावकरभाऊंचा बहिष्कार मला पटत नाही. आमच्या गटाला निधीतून सायकली मिळाल्या. त्या नाकारल्या असत्या तर सहा मुलींची अकरावी झाली नसती.

ब्रम्हपुरीकडचा

तुम्ही लोक साहेबाच्या दाराशी जाताच काहून? आमच्या झाडीपट्टीत मंडळ नाटक घेते. दिवाळी झाली की होळीपर्यंत हंगाम. वडशाला जाऊन नाटक कंपनी ठरवायची, विसार द्यायचा, वावरात मंडप टाकायचा, तिकीट लावायचं. रात्रभर नाटक, सकाळी हिशोब. मागच्या हंगामात खर्च जाऊन 41 हजार उरले. त्यातून अभ्यासिकेवर एक पोरगा ठेवला, महिना 6 हजार, जवळपास सात महिने. कोणाचा फ्लेक्स नाही, कोणाचा अहवाल नाही. आपल्या गावचा पैसा, आपला माणूस.

वर्धाकाठचा

@ब्रम्हपुरीकडचा अन् अवकाळी आला त्या साली?

ब्रम्हपुरीकडचा

आला होता. लपवत नाही. मंडप भिजला, तिकिटं परत द्यावी लागली, कंपनीचे पैसे तर द्यायचेच. मंडळाच्या आठ पोरांनी तोटा अंगावर घेतला, दोघांनी घरचं धान विकून. नाटक पटाच्या रात्री ठेवलं की गर्दी बरी होते, पण 2014 ला बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा आमचा शंकरपटही गेला अन् ती रात्रही. 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा टिकवला तेव्हा जीव भांड्यात पडला. पण तोटा आला तरी आमचाच ना.

कोरपन्याची

आठ पोरांनी तोटा उचलून गावच्या पोरांची अभ्यासिका चालवायची, याला स्वावलंबन म्हणायचं असेल तर म्हणा.

हिशोबनीस

मी न्यासांचे हिशोब लिहितो, त्यामुळे थोडं कोरडं बोलतो. मारेगावकर, साहेबाने तुम्हाला सांगितलेलं बरोबर नाही. कंपनी कायदा 2013, कलम 135: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के. त्यात 5 टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. एखादा प्रकल्प आखायला, राबवायला, तपासायला थेट लागणारा खर्च त्या 5 टक्क्यांत धरतच नाहीत. म्हणजे रोज संध्याकाळी पोरांसोबत बसणाऱ्याचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे. आणि प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालू ठेवता येतो. कायद्याची आडकाठी नाही. कंपनीला खुर्चीचा फोटो काढता येतो, गप्पांचा येत नाही, एवढाच फरक.

पण तुमचीही चूक आहे. तुम्ही तोंडी 'एका माणसाचा पगार' मागितला. अर्जात 'शाळा सुटलेल्या 40 मुलांचा सायंकाळचा वर्ग' असं काम लिहायचं, आणि त्याच्या खर्चात समन्वयकाचं मानधन ही पहिली ओळ. तुम्ही बहिष्काराची भाषा करता. मला सांगा, तुमची नोंदणी पुरी आहे का? आयकर सवलतीची 12अ, 80ग, तीन वर्षांचं काम दाखवणारे अहवाल, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर निधी घ्यायला लागणारी सीएसआर-1 नोंदणी? माझ्याकडे येणाऱ्या मंडळांत निम्म्यांचे बदल अर्जच (कार्यकारिणी बदलल्याचे) धर्मादाय कार्यालयात गेलेले नसतात. कागदावर कार्यकारिणी 2011 ची, त्यातले दोघं वारलेले.

मारेगावकर

बदल अर्जावर बोट ठेवलंत, लागलं. नोंदणी आहे, ऑडिट आहे, 80ग नाही. ते करायला जो माणूस यवतमाळच्या चकरा मारणार तोच बुटीबोरीला गेला ना सर! पुन्हा तिथंच येतो आपण.

आणि आधी एक वाट होती. मोठी संस्था परदेशी निधी आणायची आणि आमच्यासारख्याला त्यातला वाटा द्यायची. 2020 च्या दुरुस्तीने तो निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद केलं. मोठ्यांनी मग स्वतःची माणसं पाठवली. ती गाडीतून येतात, बरी असतात, पाच वाजता जातात. आमची पोरं सहाला वावरातून येतात.

हिशोबनीस

ते मान्य. पण चंद्रपूरकडच्या कोणी खनिज प्रतिष्ठानचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतं. 2015 पासून खाणवाल्याला रॉयल्टीच्या वर, जुन्या खाणपट्ट्यावर रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यावर 10 टक्के, जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात भरावे लागतात. कामांच्या यादीत शिक्षण आहे, कौशल्य विकास आहे. कोळशाच्या जिल्ह्यात ती रक्कम छोटी नसते.

कोरपन्याची

नाव काढलं नाही कारण त्याची बातमी आमच्यापर्यंत उद्घाटनाच्या दिवशीच पोचते. अर्ज कधी मागवले, कोणी केले, हे पेपरात येत नाही. फीत कापलेली येते.

रनिंगवाला_22

इथं बोलणारे सगळे चाळिशीच्या वरचे वाटून राहिले. मी बावीसचा. कोणी मले इचारलं का? मले समजावून सांगणारा दादा नको. मले ग्राउंडवर लाईट पाह्यजे. पोलीस भरतीत 1600 मीटर हाय, सकाळी पाचला अंधारात डांबरी रस्त्यावर पळतो, मागून ट्रक येतात. अभ्यासिकेत वीज टिकली पाह्यजे. बस.

अन् माणसाले पैसे देत नाही म्हणता? 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात मी होतो. बारावीवाल्याले 6,000, आयटीआयवाल्याले 8,000, पदवीवाल्याले 10,000. पहिले सहा महिने, मग अकरा केले. मले एका कार्यालयात बसवलं. झेरॉक्स काढत होतो. संपलं, घरी आलो.

मारेगावकर

थांब भाऊ, तू माझ्यापेक्षा मोठी गोष्ट सांगितली. म्हणजे सरकार माणसाचे पैसे देऊ शकते, अकरा महिने देते, फक्त झेरॉक्सवर बसवते! तोच पोरगा अभ्यासिकेत, तोच किशोरी गटात बसवला तर?

तिवस्याचे सर

अकरा महिन्यांनी काय, हा माझा प्रश्न तिथंच आहे. पोरांचा विश्वास बसायला एक वर्ष जातं, आणि बाराव्या महिन्यात तो घरी. असे दर वर्षी नवे दादा आणले तर पोरं कोणालाच काही सांगणार नाहीत.

बाकी कोरपन्याच्या ताई माझ्या पगाराचं बोलल्या ते दिवसभर डोक्यात फिरतं आहे. सौ. म्हणाली, 'बरोबरच बोलली ती. तुमच्या मंडळाचा चहा बावीस वर्षं कोणी ठेवला?'

कोरपन्याची

काकूंना माझा नमस्कार सांगा सर.

मारेगावकर

ठीक. बहिष्कार थोडा सैल करतो, सोडत नाही. साहित्य घेऊ. पण यापुढे आमच्या प्रत्येक अर्जात माणसाची ओळ पहिली राहील, आणि ती कापली तर कापल्याचं कारण लेखी मागू. तालुक्यातल्या चार-पाच मंडळांनी एकाच नमुन्यात अर्ज केला तर साहेबाला कॅरमवर भागवता येणार नाही. हिशोबनीस सर, खर्चाचा नमुना लिहून द्याल का? बदल अर्जाचं मी या आठवड्यात करतो.

हिशोबनीस

देतो. पासबुक कोणाच्या सहीने चालते ते आधी कळवा. वारलेल्यांपैकी कोणाची सही असेल तर तिथून सुरुवात करू.

रनिंगवाला_22

अन् लाईटचं?

मारेगावकर

ती ग्रामपंचायतीतून होईल. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांड, मी अनुमोदन देतो.

रनिंगवाला_22

कोरम भरते का आपल्या गावात?

मारेगावकर

तुझ्यासोबत पळणारे किती आहेत?

रनिंगवाला_22

चौदा.

मारेगावकर

घेऊन ये. खुर्च्या आहेत आपल्याकडे सात, बाकीचे सतरंजीवर बसा.