दहाच्या मुलाला फुटबॉलमध्ये अंडर-१३ गटात खेळवायचं का?

दादरचा_बाप
काल एका पालकांनी इथे लिहिलं, "आमचा मुलगा दहाचा, पण अंडर-१३ मध्ये खेळतो. बरोबरीच्या पोरांत त्याचा वेळ फुकट जातो. यामाल पंधराव्या वर्षी बार्सिलोनाकडून उतरला की!" रात्रभर हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

यामाल उतरला, मान्य. फ्रेडी आडूही २००४ मध्ये १४ व्या वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये उतरला होता. पुढचा पेले म्हणायचे त्याला. आज तुमच्या मुलाला ते नाव तरी ठाऊक आहे का?

माझा मुलगा अकराचा असताना मीच हट्टाने त्याला अंडर-१४ मध्ये घातला. चार नंबरच्या लहान बॉलवरून एकदम मोठा पाच नंबर. तोपर्यंत तो दोघातिघांना चकवल्याशिवाय पास द्यायचा नाही. मोठ्यांत गेल्यावर कोचने त्याला विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला टाकलं आणि सांगितलं, बॉल आला की सोड. आझाद मैदानावर लाइनजवळ उभा राहून बघायचो मी. बॉल पोचायच्या आधीच हा अंगावर कोण येतंय ते बघायचा आणि पहिल्याच टचला मागे देऊन मोकळा व्हायचा. परतताना लोकलमध्ये खूश होऊन म्हणाला, "बाबा, आज माझ्याकडून एकपण बॉल गेला नाही." पोटात धस्स झालं माझ्या. जाणार कसा? त्याने काही करूनच बघितलं नव्हतं.

पार्कातला_पंत
सचिन १९८९ ला सोळाव्या वर्षी कसोटी खेळला. हिरा असेल तर दाबून ठेवू नका.

दादरचा_बाप
क्रिकेटमध्ये पन्नास किलोचा पोरगा तीस किलोच्या पोराला खांदा मारत नाही, पंत.

कोच_अंधेरी
मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. लवकर वाढलेला मुलगा आपल्या गटात नुसता पळून गोल करतो. बॉल पुढे ढकलायचा नि धावायचं. पंधराव्या वर्षी बाकीचे उंचीला त्याच्या बरोबरीने येतात आणि याच्या पायात काहीच शिल्लक नसतं. अशाला वर खेळवलाच पाहिजे. इंग्लंडच्या अकॅडम्यांनी वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडूनही सामने खेळवून बघितलेत. दादरच्या बापाचा मुलगा चणीने लहान होता, चूक तिथे झाली.

बोरिवलीची_आई
माझी मुलगी दहाची. तिच्या वयाच्या मुलींचा संघच नाही, म्हणून ती सोळाच्या मुलींत खेळते. आम्ही काय निवडायचं?

खरं_बोलतो
वरच्या गटाचं सोडा हो, खालच्या गटात मिसरूड फुटलेले खेळतात त्याचं बोला! गेल्या वर्षी माझ्या मुलाच्या अंडर-१२ मॅचला समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, माझ्या खांद्याला लागत होता. दाखला म्हणे बरोबर आहे. फिफाने २००९ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपपासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय सुरू केला, बीसीसीआय अंडर-१६ ला हाडांची चाचणी करते. आपल्याकडे झेरॉक्सवर कारभार!

कुर्ला_९
शंभर टक्के खरं. पालकही सामील असतात.

उंच_मुलाचा_बाप
सामील म्हणजे? माझा मुलगा बारा वर्षांचा, उंची पाच फूट सात. प्रत्येक मॅचला मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जन्मदाखला आणि आधार घेऊन जातो. तरी कठड्याला टेकलेले लोक ओरडतात, "दाढी करून आलास काय रे?" मागच्या महिन्यात घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून रडला तो. खांद्याला लागतो म्हणून चोर?

खरं_बोलतो
खरा असेल तर चाचणीला घाबरायचं कशाला?

उंच_मुलाचा_बाप
घाबरत नाही. ती चाचणी हाडांची वाढ सांगते, जन्मतारीख नाही. लवकर वाढणाऱ्याचं हाड वयापेक्षा मोठं दिसतं. पोराला रडवण्याआधी एवढं वाचा तरी.

खरं_बोलतो
तुमच्या मुलाबद्दल बोललो नव्हतो. ओरडणाऱ्यांचं चुकलंच, ते मानतो. पण वय चोरणारे आहेत आणि त्यांच्यामुळेच तुमच्या मुलाकडे बोट जातं, हेही तुम्ही माना.

उंच_मुलाचा_बाप
मानतो. नाइलाजाने.

पार्कातला_पंत
मूळ प्रश्न राहिला बाजूलाच. दादरकर, मग तुमचा मुलगा सुधारला का?

दादरचा_बाप
आठ महिन्यांनी त्याला परत अंडर-१२ मध्ये आणला. कोचनी सांगितलेलं आता पटतंय, सरसकट नियम नको. सरावाला आठवड्यातून एक दिवस तो अजून मोठ्यांत जातो, त्याला माझी हरकत नाही. सामने मात्र आपल्याच गटात. परतल्यावर पहिल्या मॅचला सात वेळा बॉल घालवला त्याने, मी मोजले. आठव्यांदा दोघांना काढून आत शिरला.

बोरिवलीची_आई
दाखल्यांवर एवढं भांडलात, मला कोणी उत्तर दिलं नाही. वर जावं की नाही हा प्रश्न तुम्हाला पडतो, कारण तुमच्या मुलांना खालचा गट आहे. गेल्या रविवारी दीडपट वजनाची मुलगी हिच्या पायावर आली, घोटा अजून सुजलेला आहे. बोरिवली ते मालाड कुणाच्या सोसायटीत, शाळेत नऊ ते अकराच्या मुली खेळत असतील तर कळवा. पाच मिळाल्या तरी मी मैदानाचं बघते.

कोच_अंधेरी
मालाडच्या माझ्या बॅचमध्ये तीन आहेत. मुलांबरोबरच खेळतात. त्यांच्या आयांना आज विचारतो.