डिझाइन इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी म्हणजे नेमकं करतात काय?

कॅटियावाला:
मंडळी, मेकॅनिकल करून चाकणला चार वर्षं काढली, दिवसभर कॅटियात (कॉम्प्युटरवर पार्ट काढायचं सॉफ्टवेअर) ब्रॅकेट नाहीतर प्लास्टिकच्या क्लिपा. आता रिसर्चला जायचं डोक्यात आहे. पण एका ठिकाणी चौकशीला गेलो तर सर म्हणाले "आम्ही वस्तू डिझाइन करत नाही, डिझाइनवर संशोधन करतो". म्हणजे काय हो? मला वाटलं एफईए (पार्टवर ताण किती येतो ते कॉम्प्युटरवर काढणं), फटीग (वारंवार भार येऊन पार्ट कधी तुटेल ते) वगैरे असेल.

बंगळूरवासी:
एफईए-फटीग म्हणजे मशीन डिझाइन, पीएसजीचं डेटा बुक (सूत्रं-तक्त्यांचं पुस्तक) घेऊन आपण करायचो ते. हे वेगळं. इथे अभ्यास माणसाचा, म्हणजे इंजिनिअर कल्पना कुठून आणतो, कुठे अडकतो, कुठला निर्णय का घेतो. सोपं उदाहरण देतो. 1991 मध्ये जॅन्सन आणि स्मिथ यांनी लोकांना न सांडणारा कॉफी कप काढायला दिला, अर्ध्यांना आधी एक नमुना दाखवला, त्यात स्ट्रॉ होता, आणि सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की स्ट्रॉ नको. तरी नमुना बघितलेल्या बऱ्याच जणांच्या कपात स्ट्रॉ आलाच. याला डिझाइन फिक्सेशन म्हणतात. तू जुना पार्ट उघडून सेव्ह ॲज करतोस ना, तेच रे बाबा!

कॅटियावाला:
अरे देवा, आमचं अख्खं डिपार्टमेंट सेव्ह ॲजवर चालतं 😄 पण मग रोजचं काम काय, लॅब असते का?

बंगळूरवासी:
असते, पण माझा जास्त वेळ हेडफोन लावून गेला. डिझायनरला काम करताना मोठ्याने विचार करायला सांगायचं, रेकॉर्ड करायचं, मग शब्दन् शब्द उतरवून प्रत्येक वाक्याला कोड द्यायचा, म्हणजे ती कल्पना आहे, अडचण आहे की निर्णय अशी खूण करायची. एका तासाच्या टेपला माझे सहा-सात तास जायचे. वर दुसऱ्या माणसाने तेच कोडिंग स्वतंत्रपणे करायचं आणि दोघांचं कितपत जुळतं ते काढायचं. पहिल्यांदा आमचं इतकं जुळलं नाही की सगळे कोड नव्याने ठरवले, चार महिने पाण्यात. ब्लेसिंग आणि चक्रबर्ती यांचं डीआरएमवरचं (डिझाइन रिसर्च मेथडॉलॉजी, म्हणजे डिझाइनवर संशोधन करायची पद्धत) पुस्तक आधी वाच, 2009 चं आहे, रुक्ष आहे पण प्रश्न कसा मांडायचा ते कळतं. चक्रबर्ती इथे बंगळूरच्या आयआयएससीलाच आहेत.

जुना_ड्राफ्ट्समन:
तीस वर्षं बोर्डावर काढली म्हणून बोलतो, राग मानू नका. कॉलेजच्या पोरांना दोन तास बसवून इंजिनिअर कसा विचार करतो हे कळत नाही. खरं डिझाइन टूलरूमवाला (साचे बनवणारा) "हे मोल्डमधून सुटणार नाही" म्हणतो तेव्हा बदलतं.

बंगळूरवासी:
काका, अगदी बरोबर, विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष कंपनीत कितपत लागू पडतात हा आमच्यातलाही जुना वाद आहे. म्हणून तर कॅटियावाल्यासारखी कारखान्यातली माणसं हवीत.

हातोडी:
थिअरी नको असेल तर आयआयटी मुंबईचं बेटिक बघ, वैद्यकीय उपकरणं करतात, डॉक्टरांची अडचण समजून घेण्यापासून सुरुवात. आणि एमडेस (डिझाइनमधली मास्टर्स) करून बघायचं असेल तर सीड किंवा गेट या प्रवेश परीक्षा, कुठे काय चालतं ते त्या त्या संस्थेच्या साइटवर बघ.

कॅटियावाला:
काकांचं पटलं राव. आमच्या टूलरूमसोबतच्या रिव्ह्यूंचंच रेकॉर्डिंग केलं तर?

जुना_ड्राफ्ट्समन:
आधी एचआरला विचार. मग टूलरूमवाल्याला विचार, तो शिव्या फार देतो.