मदत हवी आहे: हार्वेस्टरमध्ये सोयाबीनची डाळ होतेय, मागे दाणेही पडताहेत

काळीमाती: सोयाबीनचं जेएस 335 वाण, उभं पीक, पट्टीच्या ड्रमचं (मळणीचा ड्रम) हार्वेस्टर. ड्रमचे फेरे मिनिटाला 750, ड्रम आणि जाळीतलं अंतर पुढून 14 मिमी. टाकीतल्या 100 दाण्यांत 9 फुटके. मशीन गेल्यावर चौरस मीटरला 60 दाणे जमिनीवर. ऑपरेटर म्हणतो, पंखा कमी करू. करावा का? थोडं बियाण्याला ठेवायचंय.

नटबोल्ट: पंख्याला हात लावू नका. सोयाबीनचा दाणा जड, तो सहसा उडत नाही. हवा कमी पडली की चाळणीवर कुटाराची (भुशाची) गादी बसते आणि दाणे तिच्यावरून घसरत मागे जातात. 750 हा गव्हाकडे झुकणारा वेग झाला. आधी 500 वर आणा, जाळी पुढून 25 मिमी उघडा. शेंगा न फुटता मागे गेल्या, तरच 25-25 फेरे वाढवा. ओलावा किती आहे?

आणि 60 दाणे नेमके कुठे पडले? पीक कापत असतानाच मशीन थांबवा, त्याच्या लांबीइतकं मागे घ्या आणि तीन ठिकाणी मोजा: उभ्या पिकात, कापलेल्या पण मशीनचं कुटार न पडलेल्या पट्ट्यात आणि मागे कुटाराखाली.

काळीमाती: मोजलं. उभ्या पिकात 5, पट्ट्यात 45, कुटाराखाली 60. दुपारी 2 वाजता ओलावा 10 टक्के.

नटबोल्ट: म्हणजे 60 पैकी 40 दाणे कटरनेच पाडले, मळणीचे फक्त 15. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला 10 दाणे म्हणजे एकरी साधारण 5 किलो. एकरी 20 किलो माल मशीनच्या पोटात गेलाच नाही, आणि भांडण पंख्याशी!

कोरडी शेंग रीलच्या (पीक कटरकडे ओढणाऱ्या फिरत्या चक्राच्या) फटक्याने तडकते. रीलचा वेग मशीनच्या वेगाच्या सव्वापटीवर नको. बोथट पाती बदला, कापणी जमिनीपासून 8-10 सेंमीवर, चाल ताशी 4 किमीच्या आत. 13 ते 15 टक्के ओलाव्याला काढणी सगळ्यात बरी. आता तो काळ गेलाय, तेव्हा दव वाळल्यावर सकाळीच उरका. दुपारी तेच सेटिंग जास्त डाळ करतं.

बांधकरी: एक भर घालतो. टेलिंगच्या (अर्धवट मळलेला माल परत ड्रमकडे नेणाऱ्या) एलिव्हेटरचं झाकण मशीन पूर्ण बंद करून उघडा. मूठभर मालात मोकळे अखंड दाणे जास्त दिसले तर खालची चाळणी कमी उघडी आहे. ते दाणे फिरून ड्रममध्ये जातात आणि दुसऱ्या फेरीत फुटतात. ड्रम कितीही हळू केला तरी ही डाळ थांबत नाही. खालची चाळणी थोडी उघडा, टाकीत काडी येऊ लागली की अर्धी खाच मागे.

बियाण्याचा तुकडा वेगळा काढा, ड्रम 400 च्या आसपास. अखंड दिसणाऱ्या दाण्याचंही साल तडकलेलं असू शकतं. असे 100 दाणे साध्या पाण्यात टाका. 5 मिनिटांत जे सुरकुतून फुगतील, त्यांच्या उगवणीचा भरवसा नाही.