शेतरक्षणाच्या बंदुकीची काडतुसे: जवळचे जुने दुकान की बाहेरचे मोठे?

प्रश्न: बागायतदार, सत्तरी

नमस्कार. गोव्यात वाळपईजवळ आमची काजूची बाग आणि एक कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक आणि शेतरक्षणाचा परवाना गेल्या वर्षी माझ्या नावावर झाला. गवे किंवा रानडुकरे आत शिरली की हवेत बार काढून त्यांना पिटाळायचे, एवढाच तिचा उपयोग. यंदा दहा काडतुसांपैकी तीन उडाली नाहीत. वडील ज्या दुकानातून काडतुसे आणत, ते लहान आहे. दोन कपाटे, एक टेबल, एक-दोन प्रकारचा माल आणि भावही थोडा चढा. राज्याबाहेरच्या एका मोठ्या दुकानात सर्व प्रकार मिळतात आणि जास्त घेतल्यास स्वस्त पडतात, असे एका स्नेह्याने सांगितले. शिवाय अमेरिकेत असलेला माझा चुलतभाऊ मोठ्या दालनातून बंदुकीची दारू आणि टोप्या (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, ठोका बसताच पेटणारी छोटी कॅप) आणून रिकामी काडतुसे घरीच भरतो. मी खरेदी कोठे करावी, आणि घरी भरण्याचा मार्ग आपल्याकडे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त शिक्षक, डिचोली

भाव पाहण्याआधी परवाना उघडून त्यावरील क्षेत्र वाचावे. ते गोवा राज्यापुरते असेल, तर बंदूक किंवा काडतुसे घेऊन सीमेपलीकडे वावरणे बेकायदा ठरते. चार पैसे वाचवण्यासाठी हे संकट ओढवून घेऊ नये. एका वेळी किती काडतुसे जवळ बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हेही परवान्यावरच लिहिलेले असते. त्यामुळे जास्त घेतल्यास स्वस्त हा हिशेब शेतकऱ्याला फारसा लागू पडत नाही.

न उडालेली तीन काडतुसे पुन्हा नळीत घालू नका. त्यांच्या बुडाकडची टोपी मात्र पाहा. टोपीवर आदळणाऱ्या पिनेचा खड्डा खोल असेल, तर दोष काडतुसाचा. आपल्या पावसाळ्यात चार महिने ओलसर भिंतीच्या कपाटात राहिलेल्या काडतुसाच्या पितळेवर हिरवट थर येतो आणि आतली दारूही दमट होते. खड्डा नखाला जेमतेम जाणवेल इतका उथळ असेल, तर पिनेची स्प्रिंग थकली आहे, आणि मग जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानातील काडतुसेही तुमच्या बंदुकीत अशीच फसतील. हे निदान बंदूक हातात घेणाऱ्या माणसाकडूनच होते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझा परवाना भारतभरासाठी वैध असल्यामुळे काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या राज्यातील एका मोठ्या विक्रेत्याकडून काडतुसे आणली. बंदूक कोणती, किती जुनी, असे तेथे कोणी विचारले नाही. खोके पुढे सरकवले आणि नोंद करून दिली. ती काडतुसे ७० मिमीची होती. माझी बंदूक जुनी विलायती असून तिच्या नळीच्या बुडाशी अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी, असा छाप आहे. यातील धोका वरवर दिसत नाही, कारण कोरे ७० मिमी काडतूस नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या ६५ मिमीच्या जागेत विनासायास बसते. ती लांबी मोजली जाते बार उडून काडतुसाचे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरची. उघडणाऱ्या तोंडाला पुढे जागा उरली नाही की छर्रे अडतात आणि नळीतील दाब वाढतो. आमच्या नेहमीच्या विक्रेत्याने ते खोके पाहताच माझ्यासमोर नळ्या उतरवल्या, भिंग लावून छाप दाखवला आणि ती काडतुसे वापरू दिली नाहीत. त्या विक्रीतून त्यांना एक पैसाही मिळालेला नव्हता. निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करावे लागते, तेव्हाही मी ते त्यांच्याकडेच ठेवतो आणि परत घेताना नळ्या तेल लावून पुसलेल्या मिळतात.

उत्तर: नेमबाज, मडगाव

गुरुजींचे म्हणणे दुनळीपुरते मला पूर्ण मान्य आहे, पण ते सर्वच खरेदीला लावू नये. मी १० मीटर एअर रायफलचा सराव करतो. आमच्या ४.५ मिमीच्या छर्ऱ्यांत डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ असा वेगवेगळा येतो, रायफलीला त्यांतला कोणता मानवतो हे चाचणी करूनच कळते, आणि एकदा कळले की त्याच घाण्यातील (एकाच वेळी बनलेल्या मालाचे) डबे वर्षभरासाठी साठवावे लागतात. लहान दुकानदाराने एवढा माल अडकवून ठेवावा, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्यायाचे आहे. येथे मोठा विक्रेताच उपयोगी पडतो आणि छर्रे घरपोचही येतात. काडतुसांना मात्र हा मार्ग नाही. तेथे परवाना, नोंदवही आणि तुमची सही लागते.

उत्तर: मूळचा पेडण्याचा, सध्या टेक्सासमध्ये

चुलतभावाचे उदाहरण गोव्यात चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. शेतरक्षणाच्या परवान्यावर घरी काडतुसे भरणे हा गुन्हा आहे. कृपया तो विचार सोडावा.

इकडे मी स्वतः काडतुसे भरतो आणि तरीही लहान दुकानातच जातो. मोठ्या दालनांचा भरवसा धरता येत नाही, कारण त्यांची धोरणे मुख्यालयात ठरतात: वॉलमार्टने अलास्का वगळता पिस्तुलांची विक्री १९९३ मध्ये थांबवली आणि २०१९ मध्ये पिस्तुलांच्या गोळ्या विकणेही बंद करण्याचे जाहीर केले. दारू आणि टोप्या टपालाने मागवल्या, तर धोकादायक मालाचे वेगळे शुल्क पडते, त्यामुळे एखादी बाटली हवी असल्यास गावातले दुकानच परवडते. एकदा एका दालनात मला हवी असलेली दारू संपली होती. तेथील तरुणाने शेजारची बाटली उचलून ‘ही तशीच आहे’ असे सांगितले. वास्तविक दोन दारूंची नावे जवळची असली, तरी त्यांचा जळण्याचा वेग अगदी निराळा असू शकतो, आणि जिथे माप ग्रेनमध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या सुमारे पंधराव्या हिश्शात, मोजतात, तिथे ‘तशीच’ या शब्दाने नळी फुटू शकते. मी ती बाटली परत ठेवली. माझ्या नेहमीच्या दुकानातील बाईंनी दुसऱ्या दिवशी आधी दारूच्या मापांचे कोष्टक उघडले, मग कपाट.

प्रश्नकर्ता: बागायतदार, सत्तरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा परवाना गोव्यापुरताच आहे, त्यामुळे बाहेरच्या दुकानाचा प्रश्न मिटला. काल तिन्ही टोप्या उजेडात पाहिल्या. खड्डे उथळ आहेत आणि तिन्ही काडतुसे डाव्या नळीतील होती, असे आमच्या गड्यालाही आठवते. आज जुन्या दुकानात बंदूक नेली. त्यांनी डाव्या पिनेची स्प्रिंग बदलायला घेतली आहे आणि नळीवरचा छाप मला वाचून दाखवला. तो अडीच इंचाचा आहे. घरी कपाटात वडिलांच्या काडतुसांशेजारी स्नेह्याने दिलेले एक खोके आहे, ते ७० मिमीचे निघाले. ते रीतसर कोठे जमा करायचे, हे विचारायला उद्या पोलीस ठाण्यात जात आहे.